पहिली करवंटी

तीर्थरूप आये,

त्या दुपारी तुला तहान लागली होती का गं?

एवढंच विचारायचं होतं. पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजात मी पुष्कळ प्रश्नांची उत्तरं पाठ केली, परीक्षेत ती लिहिली, पासही झाले. आपल्या घरात हे करणारी मी पहिली. पण ह्या एका प्रश्नाचं उत्तर मला येत नाही. बाबांना येत नाही. त्या दुपारी तुझ्या हातचं पाणी प्यालेल्यांपैकी जे भेटले त्यांना मी विचारलं. सगळे एकच सांगतात, "हसत होती गो बाय." हसण्यावरून काय कळणार? तू तर पायाला मिठाच्या चिरा पडलेल्या असतानाही हसायचीस!

आज लिहायला बसले त्याला कारण आहे. मारवाडातल्या एका संस्थानात दरबारानं मुलींची शाळा काढायची ठरवली आहे. शिकवायला बाई मिळत नाही, म्हणून कॉलेजच्या मुख्य बाईंनी माझं नाव सुचवलं. इकडे कल्याणच्या मुलींच्या शाळेत माझी जागा आहे. गेलं वर्षभर मी तिथे शिकवते आहे, सुटीच्या दिवशी बाबांकडे येऊन जाते. हे सगळं सोडून त्या वाळवंटात जायचं की नाही, ते मला होळीच्या आत कळवायचं होतं.

वाळवंट म्हणजे काय, हे तुला कसं सांगू? आमच्या भूगोलाच्या पुस्तकात लिहिलं होतं: झाड नाही, सावली नाही, जमिनीकडे पाहिलं तर डोळे दिपतात, वारा भाजून काढतो आणि पिण्याचं पाणी फार लांबून आणावं लागतं. वर्गातल्या मुली "अगबाई!" म्हणाल्या. मला मात्र हसू आलं. हे तर आपलं मिठागर! नुसती खाडी तेवढी काढून टाकलेली.

आये, तू जन्मभर वाळवंटातच राहिलीस की! तुला कुणी सांगितलं नाही, एवढंच.

मला आठवतं, तू झुंजूमुंजू व्हायच्या आत बांधावर जायचीस. डोक्यावरचं फडकं खाऱ्या पाण्यात भिजवायचीस, गोड्या पाण्याचा थेंबही त्यासाठी वापरायची नाहीस. पाण्याचे रांजण बांधाच्या पोटाशी खड्डा खणून त्यात बसवलेले, वर पेंढा, पेंढ्यावर ओलं गोणपाट. भर वैशाखात त्या रांजणातलं पाणी दातांना लागेल असं गार! कारकुनाच्या घरची मंडळी एकदा मिठागर बघायला आली होती, त्यांना ते पाणी पिऊन विश्वास बसेना. त्यांनी विचारलं, "हे कुणी शिकवलं?" तू म्हणालीस, "उन्हानी."

आणि वाफ्यातलं मीठ तयार झालं की नाही हे तू टाचेनं ओळखायचीस. टाच टेकवायचीस, क्षणभर थांबायचीस आणि म्हणायचीस, "अजून कच्चा हाय, राहू दे." मी मुलींच्या पाठांतराच्या बाबतीत आता तसंच करते. कच्चं असलं तर राहू देते, ओढून काढत नाही. हे कॉलेजात शिकवलं नव्हतं.

माझा नवरा देवीच्या साथीत गेला तेव्हा मी सासरी नांदायलाही गेले नव्हते. सगळे म्हणाले, पोरीला मिठावर घाल, दोन टोपल्या वाहील, पुढे पाट लावून देऊ. तू मला ठाण्याला मावशीकडे नेऊन सोडलंस आणि शाळेत घातलंस. मुकादम तुला भर मिठागरात चिडवायचा. "काय गो, तुजी पोर शिकून कलेक्टर होनार काय?"

एकदा तू उलटून म्हणालीस, "कलेक्टर नाय होनार. पन कलेक्टराचा कागद वाचील." आणि टोपली डोक्यावर चढवता चढवता म्हणालीस, "तुजा पन वाचील!"

त्या दिवसापासून मुकादम तुझ्याशी जपून बोलायला लागला, असं बाबा अजून सांगतात आणि अजून हसतात.

आये, तुझं एवढं सगळं मला आवडतं. एकच गोष्ट आवडत नाही. ती मी आजवर कुणाजवळ बोलले नाही.

तू गेलीस त्या वैशाखात मी ठाण्याला होते. जे घडलं ते मला इतरांकडून कळलं. पाण्याची होडी पलीकडच्या गावाहून यायची, ती ओहोटीत चिखलात रुतून बसली. घाटावरून नवीन माणसं कामाला आलेली होती, त्यांना आपल्या उन्हाची सवय नव्हती. रांजण तुझ्या ताब्यात आणि करवंटी तुझ्या हातात. तू आधी त्या नवख्या माणसांना पाजलंस. मग पोरांना. मग पुरुषांना, मग बायांना. मग रांजण संपले. मग तू बांधावर बसलीस. कामाच्या वेळी तुला बसलेलं कुणी कधी पाहिलं नव्हतं, तरी कुणाला काही वाटलं नाही! भरतीबरोबर होडी आली तेव्हा तुला हाक मारली, तर तू ओ दिली नाहीस.

अजून लोक त्या बांधाला हात लावून पाया पडतात. "देवीच होती," म्हणतात. मला राग येतो. देवीला पाणी लागत नाही, तुला लागत होतं. एक करवंटी, आये! एकच करवंटी स्वतःसाठी बाजूला काढली असतीस तर कुणी तुला नाव ठेवलं असतं? माझ्यासाठी तरी?

रागावू नकोस. पुढचं ऐक.

मारवाडचा विचार करताना मी कल्याणच्या बाजारातल्या एका कापडवाल्या शेठजींच्या घरी गेले. त्यांची सून माझ्या वर्गातल्या एका मुलीची आई. तिचं माहेर त्याच मुलखातलं. मी विचारलं, "तुमच्याकडे पाण्याचं कसं?"

"अंगणात टाकं असते जमिनीत. पावसाचा पानी त्यात. वर झाकण, झाकणाला कुलूप, किल्ली सासूच्या कंबरेला." आणि ती खळखळून हसली. "तुमच्याकडे दागिन्याला कुलूप, आमच्याकडे पान्याला!"

"आणि पाहुणा आला तर?"

"पाहुण्याला पहिले. मग घरातले पुरुष, मग मुलगे, मग ऊंट."

"उंटानंतर तुम्ही?"

"ऊंटाच्या मागे मुली. मुलींच्या मागे आम्ही." हे सांगताना ती अगदी तुझ्यासारखी हसत होती. मग म्हणाली, "बाई, तुम्ही तिकडे खरंच जाणार? माझ्या धाकट्या बहिणी हायत तिथं. एक तरी लिहायला शिकली तर मला कागद पाठवेल."

घरी येताना मला वाटेतली दुकानं दिसली नाहीत. करवंटीसमोर शेवटी उभी असलेली मुलींची रांग तेवढी दिसत होती. मला तिथे जायला हवं, हे मला त्या वाटेवर कळलं. पण कळणं आणि बाबांना सांगणं, ह्यात फार अंतर होतं.

बाबा आता थकले आहेत. बांध बांधायला जात नाहीत, जाळं विणत ओसरीवर बसतात. मी सांगितलं तेव्हा त्यांचे हात थांबले. मला वाटलं, आता म्हणतील, उन्हानं तुझी आई नेली, तिथे तुलाही पाठवू? मी त्याचं उत्तर तयार ठेवलं होतं. तुझा रांजण, तुझा पेंढा, तुझं ओलं फडकं, सगळं सांगणार होते. उन्हाशी कसं वागावं हे मला येतं, असं म्हणणार होते.

त्यांनी उन्हाचं नावच काढलं नाही.

"उन्हाचा भ्याव नाय मना," ते म्हणाले. "आपून उन्हातलीच मानसा. तू तिची पोर हाईस ना, त्याचा भ्याव हाय."

"म्हणजे?"

"तिथं जाशील, करवंटी हातात घेशील नि सगल्यांना पाजत बसशील. मना तिनी दोनदा पाजला त्या दिशी. मी दोनदा प्यालो. इचारला नाय, तू प्यालीस का म्हनून."

आये, इतक्या वर्षांत बाबा हे कधी बोलले नव्हते. मी पाठ केलेलं सगळं उत्तर कुठल्या कुठे गेलं. कारण ते म्हणाले ते खरंच होतं. कल्याणला शाळेत मीच सगळ्यांच्या मागून जेवते, तापातसुद्धा वर्गावर जाते, आणि कुणी "तू अगदी आईवर गेलीस" म्हटलं की मनात सुखावते!

बाबा उठले. आत गेले आणि मडक्यातून करवंटी भरून घेऊन आले. तीच, तुझी. कड झिजलेली.

"पी."

"तुम्ही आधी घ्या, बाबा."

"ह्येच! ह्येच बोलतो ना मी!" ते इतक्या जोरात ओरडले की अंगणातल्या कोंबड्या उधळल्या. "आदी तू पी. माझ्याम्होरं."

आपल्या घरात कुठल्या बाईनं पुरुषाच्या आधी पाणी प्यालेलं तू पाहिलंस? मी नाही पाहिलं. करवंटी ओठाला लावताना चोरी करत असल्यासारखं वाटलं. मी प्याले. बाबा एकेक घोट बघत होते. संपल्यावर पुन्हा भरून आणली.

"अजून."

"पोट फुटेल, बाबा!"

"फुटू दे."

दुसरी करवंटी संपली तेव्हा ते माझ्या शेजारी बसले आणि डोळे पुसून एकदम विचारते झाले, "तिथं भात मिलतो काय?"

"बाजरी मिळते."

"बाजरी!" बाबांनी कपाळाला हात लावला. "पाखरांचा खाना! तुजी आयस आसती ना, तिनी तांदलाचा गोना बांधून दिला आसता."

म्हणजे माझं जाणं ठरलं. मी त्यांचं काय होईल असं विचारलं, तर म्हणाले, "मना काय होनार? खाडी हाय, जाला हाय. आनि तू कागद लिव. मुकादमाचा नातू वाचून दाखवील. त्याला पन जरा कामाला लागू दे."

आता तुला वचन देते, आये. त्या शाळेत पाटी उघडायच्या आधी प्रत्येक मुलगी पाणी पिईल. घरच्या रांगेत ती कितवी का असेना, माझ्या शाळेत पहिली असेल. तुझा रांजण मी तिथल्या वाळूत पुरीन, पेंढा मिळाला नाही तर जे मिळेल ते वर घालीन. तू लोकांना पाजलंस तसंच मीही पाजीन. पण मुलींच्या देखत पहिली करवंटी मी पिईन, म्हणजे त्यांनाही तसं करायची लाज वाटणार नाही. तुझं सगळं घेऊन जाते आहे. शेवटी उभं राहणं तेवढं इथेच ठेवून जाते. चालेल ना?

होकाराचं पत्र मी कल्याणच्या टपालात टाकलं आहे. तुझं पत्र कुठल्या पेटीत टाकू? म्हणून बांधावर घेऊन आले आणि मोठ्यानं वाचून दाखवलं. शेवटच्या ह्या ओळी तुझ्या जागेशेजारी बसून लिहिते आहे. येताना करवंटी भरून आणली होती. लोक इथे आधी तुझ्या नावानं पाणी सोडतात.

मी आधी प्याले. उरलेलं मग तुला दिलं.

तुझी,
सोनी