डावीकडचा मागचा स्पीकर

शनि. १० नोव्हेंबर २००७. पाडवा.
होम थिएटर आणलं. पाच स्पीकर आणि एक जाडजूड पेटी, तिला वूफर म्हणायचं. लालबागच्या आमच्या चाळीतलं पहिलं. बकुळाला पाडव्याची ओवाळणी म्हणून दिलं. तिला साडी हवी होती. पण साडी ती एकटीच नेसणार, हे घरात सगळ्यांना ऐकता येईल, असं समजावलं. पटलं असावं. काही बोलली नाही.

दुकानदार म्हणाला, एका खोलीत स्पीकरची पोझिशन जमवणं कठीण, फिटिंगला माणूस देतो. नको म्हटलं. आवाजातलं मला कोणी शिकवू नये. संपाआधी मिलमध्ये साच्यावर, म्हणजे मागावर होतो. दोन्ही बाजूंना माग धडधडत असायचे आणि कुठल्याचं काय बिघडलंय ते मी नुसत्या कानाने सांगायचो. असे तयार कान आता मिळत नाहीत.

रवि. ११ नोव्हेंबर
टीव्ही दाराशेजारी, तीन स्पीकर त्याच्याभोवती. मागचा उजवा मोरीवर, मागचा डावा ओट्यावरच्या फळीवर. फळीवरचे डबे खाटेखाली सरकवले, एक चहापत्तीचा तेवढा राहू दिला. बकुळा ओट्याशी उभी राहून हळू आवाजात काहीतरी म्हणाली. बहुधा कौतुक.

संध्याकाळी. सेटबरोबर फुकट आलेली डीव्हीडी लावली. तिच्यात एक हेलिकॉप्टर डोक्याभोवती गोल फिरतं. टीव्हीतून छान निघालं, उजवीकडून मोरीपर्यंत आलं आणि तिथेच उतरलं. ओट्याकडे गेलंच नाही. डावा मागचा नुसता कुजबुजतोय. माल खराब.

सोम. १२ नोव्हेंबर
स्पीकर बदलून आणला. कुरकुर न करता दिला, म्हणजे चूक त्यांचीच. घरी आल्यावर हेलिकॉप्टर पुन्हा मोरीत.

येताना गॅलरीत शेजारच्या रमाबाई भेटल्या. बोलता बोलता पंचवीस तारखेला अख्ख्या मजल्याला बोलावून बसलो. हेलिकॉप्टर डोक्याभोवती फिरवून दाखवतो, असा शब्द दिला. हे जमलंच पाहिजे. गणपतीत लायटिंगचं काम मी अंगावर घेतलं होतं आणि ऐन आरतीला चाळ अंधारात गेली. ते अजून कोणी विसरलेलं नाही. पुन्हा फजिती झाली तर मजल्यावर तोंड दाखवायची सोय नाही.

रघूलाही सांगितलं. मिलमध्ये रघू माझ्या डाव्या हाताला, एक साचा सोडून उभा असायचा. आता शाळेच्या बसवर आहे. मागांच्या खात्यात ओरडून उपयोग नसायचा, नुसते ओठ हलवून बोलायचो. अजूनही रस्त्याच्या दोन बाजूंनी आमच्या तशाच गप्पा होतात. आजही तसंच बोलावलं, आणि तो येतो म्हणाला.

बुध. १४ नोव्हेंबर
नवीन वायर टाकली. स्पीकर तिरका केला, उभा केला, आडवा केला, शेवटी पाटावर चढवला. ढिम्म. बकुळा म्हणते, एकदा डॉक्टरला दाखवा. स्पीकरला कसला डॉक्टर? बायकांना टेक्निकल कळत नाही, पण आपण शांत राहायचं.

शुक्र. १६ नोव्हेंबर
शोध लागला. आज टीव्हीकडे पाठ करून बसलो. ओट्याचा स्पीकर खणखणीत, आणि मोरीवरचा बंद पडला. परत वळलो, तर मोरीवरचा सुरू, ओट्याचा बंद. चार वेळा करून पाहिलं. म्हणजे माणूस ज्या दिशेला तोंड करतो, त्याप्रमाणे करंट बदलतो. दुकानदाराला फोन करून हे सांगितलं. तो बराच वेळ गप्प होता. आपला फोनही बिघडलाय. डाव्या कानाला लावला की लाइन जाते.

सोम. १९ नोव्हेंबर
बकुळा म्हणते, रमाबाई भिंत ठोकतात. मी स्वतः घरात होतो, काही ठोकलेलं नाही. हल्ली माणसं तोंडातल्या तोंडात बोलतात. आता ज्या ऑफिसात आहे, तिथे माझ्या डावीकडे बसणारे तर फारच.

शनि. २४ नोव्हेंबर
उपाय सापडला. रिमोटवर फक्त डाव्या मागच्याचा आवाज शेवटपर्यंत नेला. आता कुठे जरा जीव आलाय त्याच्यात. बकुळा कानात कापूस घालून भाजी चिरते. नाटकी आहे.

रवि. २५ नोव्हेंबर
सगळा मजला हजर. रमाबाईंना मानाने ओट्याजवळ बसवलं. डावा मागचा थोडा मंद आहे, सांभाळून घ्या, कंपनीची चूक आहे, असं आधीच सांगून टाकलं.

हेलिकॉप्टर निघालं. मोरीपर्यंत आलं. पुढे मला काही कळेना, पण रमाबाई दोन्ही कानांवर हात दाबून उठल्या, फळीवरचा चहापत्तीचा डबा थरथरत कडेला आला आणि खाली बसलेल्या मागच्या तीन ओळींवर चहापत्ती सांडली. सगळ्यांच्या माना उजवीकडून डावीकडे गरकन फिरल्या. माझी एकट्याची मोरीकडे राहिली. टाळ्या पडल्या. पोरं म्हणाली, पुन्हा लावा.

दारात रघू उभा होता. तो हेलिकॉप्टर ऐकत नव्हता, माझ्याकडे बघत होता. त्या गोंगाटात त्याने नुसते ओठ हलवले.
"तुजो डावो कान गेलो."
मीही ओठांनीच विचारलं, कधी?
"माजो उजवो गेलो तेवाच."

आमच्या दोघांच्या मधे एकच साचा होता, माझ्या डाव्या कानाशी आणि त्याच्या उजव्या. वाईट वाटलं. मग पोरांसाठी पुन्हा लावलं. रघूला इलेक्ट्रॉनिक्समधलं काय कळतं?

मंगळ. ४ डिसेंबर
केवळ रघूच्या समाधानासाठी कानाच्या डॉक्टरकडे गेलो. हेडफोन लावून बसवलं, आवाज आला की हात वर करा म्हणाले. उजवीकडे पटापट हात केला. मग बराच वेळ काही येईना. म्हटलं, डॉक्टर, तुमची डावीकडची वायर लूज आहे. ते म्हणाले, नाही. मला उलटं बसून बघायचं होतं, पण त्यांनी परवानगी दिली नाही.

रवि. १६ डिसेंबर
कानाला मशीन लागलं. पहिलं काम, डीव्हीडी. हेलिकॉप्टर मोरीवरून उठलं, ओट्यावरून गेलं, गोल पूर्ण केला. पोझिशन माझी पहिल्या दिवसापासून बरोबरच होती. आवाज मात्र फार मोठा होता, तो कमी केला.

कमी केल्यावर डावीकडून, ओट्यापाशी उभ्या बकुळाचा आवाज आला. स्वच्छ.
"हो खोको काढा हयसून. माजे डबे खंय ठेवू?"

विचारलं, हे कधीपासून सांगतेयस? पाडव्यापासून, म्हणाली. रोज. साडीचंही त्याच दिवशी बोलली होती म्हणे, डावीकडे उभी राहून.

स्पीकर खाटेखाली गेला, डबे फळीवर आले. साडीचा रंग तिने दोनदा सांगितला. दोन्ही वेळा ऐकू आला.