अंगणातल्या खड्ड्यासाठी झाड

प्रिय ओदेत,

काल फोनवर तू विचारलंस, “आई, बाळाच्या नावाने तुमच्या अंगणात नाशपाती लावायची की बुचाचं झाड?” मी म्हटलं, पत्रातून कळवते, तर तू खो खो हसलीस. “अगं, एका झाडाचं नाव सांगायला पत्र कशाला?” हस बाई, हस. पण आपला फोन स्वयंपाकघरात आहे आणि तुझे बाबा हल्ली दिवसभर तिथेच बसून असतात. आत्ता ते जेवून पडलेत, तोवर मागच्या पायरीवर बसून लिहितेय. झुल्मिरा पावाची गाडी घेऊन आली की तिच्या हातात देईन, ती टपालात टाकेल. अक्षर वाकडंतिकडं आलंय, चालवून घे. उजवा खांदा दुखतोय.

तर झाडाचं. आर्मांदोला बुचाचं झाड हवंय, कारण ते दोनशे वर्षं जगतं आणि सरकारी कागदाशिवाय कुणाची त्याला तोडायची टाप नाही. जावईबापू शहरात वाढलेत, त्यांना असल्या गोष्टींचं कौतुक. त्यांचं चूक नाही म्हणा. बुचाच्या झाडाला पाणी मागायची सवय नाही, वणवा अंगावरून गेला तरी पुढच्या वर्षी पालवी फोडतं, आणि त्याची कडू फळं डुकरं मिटक्या मारत खातात. पण हे झाड आत्ता लावलं तर पहिली साल निघेल तेव्हा तुझी जसिंता पंचवीस वर्षांची घोडी झालेली असेल. तीही साल खडबडीत, बाटलीच्या बुचाच्या कामाची नाही. मग नऊ वर्षं थांबा, मग पुन्हा नऊ. चांगली साल निघेपर्यंत पोरीचे केस पिकायला लागतील. आज दुपट्यात असलेल्या पोरीच्या नावाने एवढं लांबचं कशाला बघायचं, असं मला आपलं वाटतं.

नाशपातीचं तसं नाही. ती लाडावलेली असते, उन्हाळ्यात दोन दिवस पाणी चुकलं की पानं टाकून रुसते. पण चार-पाच वर्षांत फळ देते. जसिंताचे पुढचे दात पडायच्या आत तिला स्वतःच्या हाताने नाशपाती तोडता येईल. तू आठवीत होतीस तेव्हा फांदीवर बसून खायचीस, बिया खाली माझ्या वाळवणावर थुंकायचीस आणि मी झाडू घेऊन धावले की वरून म्हणायचीस, “मी नाही, पाखरू!” त्या झाडाच्या फळांचा मुरंबा अजून एक बाटली उरलाय. उघडवत नाही मला. आणि नाशपातीचा मोठा गुण म्हणजे तिच्याकडे कुणी कुऱ्हाड घेऊन जात नाही. निदान शहाणं माणूस तरी जात नाही.

बाबांना अर्थात बुचाचंच झाड हवंय. “माझी नात आहे, तिला माझंच झाड!” रोज सकाळी अंगणात जाऊन रोपासाठीचा खड्डा आणखी खोल करतात. आता त्यात ते कमरेपर्यंत उभे राहतात. मी म्हटलं, अहो, रोप लावायचंय की विहीर काढायचीय? तर म्हणाले, “तुला काय कळतंय, मूळ खोल जायला हवं.” एरवी मी उलट बोलले असते. हल्ली मी उलट बोलत नाही.

मागच्या उन्हाळ्यात मुकादमाने त्यांना साल सोलायचा हंगाम संपायच्या आतच घरी पाठवलं, हे तुला ठाऊक आहे. गुडघे दुखतात म्हणून, असं मी तुला सांगितलं होतं. गुडघे ठणठणीत आहेत. बाबांनी एका झाडाच्या आईला कुऱ्हाड मारली होती. लहानपणी तू हे ऐकून रडायचीस, आठवतंय? बाहेरची साल सोलली की आत जी तांबूस, ओली साल राहते तिला आपल्याकडे आई म्हणतात, आणि त्या आईला धार लागली की झाड वाळतं. चाळीस उन्हाळ्यांत बाबांच्या हातून एकदाही असं झालं नव्हतं. दुसरे लोक त्यांना बघायला यायचे, साल कशी आवाजावरून ओळखतात ते. कुऱ्हाडीने टिचकी मारायची, कान द्यायचा. पोकळ आवाज आला तर साल सुटायला तयार. घट्ट आवाज आला तर हात मागे घ्यायचा. तो हात त्या दिवशी मागे आला नाही. मुकादम मला म्हणाला, “देओलिंदाबाई, त्यांनी मला त्यांच्या वडिलांच्या नावाने हाक मारली.” मी त्याला कॉफी दिली आणि विषय बदलला.

यंदा वसंतात त्यांनी रंगाचा डबा काढला. साल काढलेल्या झाडावर त्या वर्षाचा शेवटचा आकडा पांढऱ्या रंगाने टाकायचा, म्हणजे पुढची नऊ वर्षं त्याला कुणी हात लावायचा नाही, हे तुला मी काय सांगू. पण त्यांनी यंदाचा आकडा, पाच, घराच्या दाराच्या चौकटीवर टाकला. मग टेबलावर, मग माझ्या खुर्चीच्या पाठीवर. मी हसले. म्हटलं, घर विकायला काढलंय की काय? झुल्मिराही हसली. हळूहळू माझ्या ध्यानात आलं की ज्याच्यावर पाच आहे त्याच्या वाटेला ते जात नाहीत. कोंबड्यांच्या खुराड्यावर पाच नव्हता, त्याची फळी न् फळी त्यांनी सोलून काढली. पिशव्यांच्या कपाटावर नव्हता, तेही गेलं.

आणि आपल्या नाशपातीवर पाच नव्हता. वाऱ्याने पडली असं मी तुला सांगितलं. कुठला वारा गं! त्या दिवशी सकाळी बाबा कुऱ्हाड घेऊन तिच्याशी भांडत होते. साल सुटत नाही म्हणून वैतागले होते, “काय हट्टी झाड आहे,” म्हणत होते, आणि प्रत्येक घाव आधीच्यापेक्षा खोल जात होता. मी ओरडले, “अहो, ती नाशपाती आहे! आपली नाशपाती!” त्यांनी माझ्याकडे इतक्या प्रेमाने बघितलं, ओदेत, आणि म्हणाले, “घाबरू नकोस, आईला लागू देत नाही मी.” ती आडवी झाली तेव्हा त्यांच्या अंगावर तिचा फुलोरा पडला होता. मी तशीच घरात आले आणि रडले. मग बाहेर जाऊन त्यांचे केस झाडून दिले.

त्यानंतर रंगाचा डबा मीच त्यांच्या हातात देऊ लागले. कुत्र्याच्या पट्ट्यावर पाच टाकून घेतला, पलंगावर टाकून घेतला. बाबांना बरं वाटायचं, कामावर असल्यासारखं. कुऱ्हाड मी जुन्या पावभट्टीत लपवली. दुसऱ्या दिवशी ती त्यांच्या मांडीवर. “माझं हत्यार मला सापडणार नाही होय गं?” म्हणाले आणि हसले, अगदी पूर्वीसारखे. डॉक्टर म्हणतात, त्यांना वृद्धाश्रमात ठेवा. मी नाही म्हटलं. तिथे भिंतींना रंग लावू देतील का त्यांना?

जसिंतासाठी त्यांनी पाळणा केलाय हे मी तुला फोनवर सांगितलंय. काय सुंदर झालाय म्हणून सांगू! सगळा बुचाच्या सालीचा, हलका, उबदार, डोक्याशी एक पाखरू कोरलंय. झाल्या झाल्या, मी न सांगता, त्यांनी स्वतः त्याच्यावर पाच टाकला. मला भरून आलं. म्हटलं, कळतंय या माणसाला. आपल्या हाताची भीती त्यालाही वाटतेय, म्हणून आकडा टाकून ठेवतोय. त्या रात्री मी किती महिन्यांनी गाढ झोपले.

परवा मात्र ते पाळण्यासमोर उभे होते. आकड्याकडे बघत बोटं मोजत होते. मला म्हणाले, “अगं, नऊ झाली की! ही साल आता काढायला आली.” मी म्हटलं, अहो, रंग अजून नीट वाळला नाही, नऊ कुठली? तर चिडले. “मला वर्षं मोजायला शिकवू नकोस.” मग माझ्या खुर्चीकडे आले, पाठीवरचा पाच वाचला, आणि कुऱ्हाडीच्या दांड्याने माझ्या खांद्यावर ठोकलं. हळू नव्हे. कान जवळ आणून ऐकलं. “घट्ट आहे,” म्हणाले, “अजून सोडत नाही.” आणि मला सूप वाढायला सांगितलं. मी वाढलं. कोथिंबीर जास्त पडली म्हणून तक्रारही केली त्यांनी.

म्हणून हे पत्र, बाळा. ऑगस्टात जसिंताला इथे आणायचं नाही. बाप्तिस्मा तिकडेच करा, मी फोटो बघेन. माझी काळजी करू नकोस, झुल्मिरा रोज सकाळी दार वाजवून जाते. तू भेटायला ये, पण एकटी ये आणि सप्टेंबर उलटल्यावर ये. तेव्हा झाडं साल सोडत नाहीत, सगळे कुऱ्हाडीला तेल लावून ठेवून देतात, आणि बाबांना वर्ष कळत नसलं तरी त्यांच्या हातांना ऋतू अजून कळतो. रविवारी तुझा फोन येईल तेव्हा ते माझ्या शेजारी बसलेले असतील, मोठ्याने बोलायला लावून ऐकतील. तेव्हा यातलं अक्षरही काढू नकोस, रडू नकोस, फक्त झाडाचं नाव सांग. “नाशपाती” म्हणालीस तर मी समजेन की पत्र पोचलं आणि माझी नात तिकडेच राहतेय. बाबा रागावतील, रागावू देत. पण चुकूनही बुचाचं झाड म्हणू नकोस गं. ते रोज मला विचारतात, नात कधी येतेय, आणि अंगठ्याने धार बघतात.

तुझीच,
अजून घट्ट असलेली
आई