करवंटीतला बाप

११ फेब्रुवारी
सकाळी पाणी भरत होते. पाठून हे म्हणाले, "गे, हय ये." तीन दिवसांतले पहिले शब्द. मला वाटलं छातीत दुखतंय, हंडा नळाखाली तसाच टाकून धावले. तर माशांच्या टाकीसमोर उकिडवे बसलेले, बोट आतल्या करवंटीकडे. आत नारिंगी मण्यांचा घोस. अंडी. सकर माशाचा नर करवंटीच्या तोंडात आडवा, शेपटीने वारा घालतोय.
हे हसत होते. दात दिसेपर्यंत. हंडा वाहून गॅलरीत पाणी झालं, शेजारणीने ऐकवलं.

१२ फेब्रु.
धन्य ते हिराजी. संपात मिल सुटली त्याला बारा वर्षं होतील, पण ह्यांच्या बाजूच्या साच्यावर कापड विणणारा हा माणूस काही सुटला नाही. दिवाळीनंतर शीव कोळीवाड्यातून टाकी, पंप, मासे, सगळं टॅक्सीत घालून घेऊन आले. मला म्हणाले, आमच्या सात पिढ्या मासळी मारून जगल्या, आता म्हातारपणी पाळतोय, घरचे हसतात. मीही मनात म्हटलं, एका खोलीत आम्हीच मावत नाही, त्यात हे लचांड. खायचे तरी मासे आणायचे.
काळे, खरबरीत, काचेला तोंड लावून चिकटलेले. नराच्या तोंडाभोवती काटेरी केस, म्हणून मी त्याला दाढीवाला म्हणते. मादीचं तोंड साफ आहे.
पण हे उठायला लागले. गणपतीपासून भिंतीकडे तोंड करून पडून असायचे. वॉचमनची नोकरी गेली, मग दमा, मग बोलणं गेलं. एकदा मी बालवाडीतल्या कामावरून आले तर हे गॅलरीच्या कठड्याला पोट टेकून खाली बघत उभे होते. नुसते. मी हाताला धरून आत आणलं. तेव्हा काय वाटलं ते लिहिलं नव्हतं, आताही नाही.
टाकी आल्यापासून कठड्याकडे गेलेले नाहीत.

१४ फेब्रु.
दाढीवाला खात नाही. दुधी उकडून फोड टाकली ती सगळी मादीने खाल्ली. तो दारातून हलत नाही. मादी जवळ आली की अंगावर धावून जातो.
हे पण धड जेवले नाहीत. म्हटलं, तुम्ही पण अंड्यांवर बसलात का? तर हसले. दोन पोळ्या जास्त खाल्ल्या.
बालवाडीत पोरांना सांगितलं की आमच्याकडे बाप पोरं सांभाळतो. एकीने विचारलं, आणि आई? म्हटलं, आई दुधी खाते.

१६ फेब्रु.
फुटली. पिल्लं करवंटीला आतून चिकटलेली, शेपट्या हलतायत, पोटाला पिवळा गोळा. हिराजी येऊन बघून गेले. म्हणाले, पोरं पोटाला डबा बांधून येतात, डबा संपेपर्यंत बाप बाहेर सोडत नाही. संपला की आपली आपण निघतील. मग लाकूड लागेल, ही जात लाकूड खरवडून खाते. पुढच्या आठवड्यात आणून देतो.
ह्यांनी हिराजींना चहा स्वतः केला. साखर विसरले. हिराजी तसाच प्यायले.

१७ फेब्रु.
बोलतायत. खूप नाही, पण बोलतायत. मिलच्या साचेखात्यातलं काहीतरी सांगत होते, कानात आवाज एवढा असायचा की ओठ वाचून बोलायचे. मला ठाऊक आहे, लग्न झाल्यापासून ऐकते आहे. तरी ऐकलं.
सतीशला नालासोपाऱ्याला निरोप धाडला, पिल्लं बघायला ये. आमचा एकुलता एक. बापाशी बोलत नाही धड. संपात शाळा सुटली ती बापामुळे, असं डोक्यात बसलंय. येईल न येईल.

२० फेब्रु.
डबे संपले. सकाळी चार-पाच काचेवर होती, एवढीशी, नखाएवढी. संध्याकाळी तर मोजता येईनात.
हिराजींचं लाकूड आलेलं नाही. हे अस्वस्थ. मग माळ्यावरून जुनी पिशवी काढली. मला माहीत होतं त्यात काय आहे. शेवटच्या पाळीला खिशात राहिल्या त्या दोन कांड्या. साच्यावर इकडून तिकडे धावणाऱ्या धोट्यात घालायच्या, बाण्याचं आडवं सूत गुंडाळलेल्या. सूत केव्हाच संपलं. लाकूड हाताळून हाताळून काळं गुळगुळीत, तळाला पितळेचं कडं. बारा वर्षं कुणाला हात लावू दिला नाही. सतीशने लहानपणी भोवऱ्यासारखी फिरवली म्हणून थप्पड खाल्ली होती.
आज स्वतः साबणाने घासल्या आणि टाकीत ठेवल्या. म्हणाले, "गिरणीचां लाकूड. असा आता खय मिळूचा नाय."
पिल्लं लगेच चढली त्यांवर. हे बघत राहिले. मीसुद्धा बघत राहिले, खोटं कशाला बोलू. बरं वाटलं.

२२ फेब्रु.
पाण्यावर तेलाचा तवंग. मला वाटलं माझ्या फोडणीचा. वर्तमानपत्राचा कागद टाकून काढला. मादी वर येऊन तोंड उघडतेय.
तळाला तीन पिल्लं पांढरी. हे म्हणाले, एवढी जातात.

२३ फेब्रु.
सगळी.

२४ फेब्रु.
बालवाडीत गेले नाही. हे चमच्याने एकेक काढत होते. करवंटी उलटी करून बघितली, आत काही नाही. परत ठेवली तर दाढीवाला आत जाऊन दारात आडवा. वारा घालतोय. कशाला घालतोयस रे मेल्या. मला रडू आलं ते माशासाठी आलं, हे लिहायला लाज वाटते पण तसंच झालं.

२५ फेब्रु.
हिराजी लाकूड घेऊन आले. हे संडासाच्या रांगेत होते. हिराजींनी टाकीत हात घालून कांडी काढली, नाकाशी नेली, कडं अंगठ्याने घासलं. मग माझ्याकडे बघितलं.
"वहिनी, मशीनचं तेल मुरलंय हिच्यात. आणि हे पितळ. पितळ-तांबं ह्या जातीला विष आहे. मोठे तगले, पिल्लं ह्यानेच गेली."
मला आधी समजलंच नाही. साबणाने घासल्या होत्या, म्हटलं. ते म्हणाले, वीस वर्षांचं तेल साबणाने जातं होय. मीच मूर्ख, सांगायला पाहिजे होतं, घरातलं लाकूड घालू नका. पण कोण असलं घालील.
आम्हीच घालू. आणखी कोणाकडे असतं.
मी म्हटलं, ह्यांना सांगू नका. हिराजींनी दोन्ही कांड्या पाण्याबाहेर काढून ठेवल्या. मग म्हणाले, माझ्या तोंडून निघणार नाही. पण त्याने मला तोंडावर विचारलं तर खोटं बोलणार नाही, वीस वर्षं शेजारी उभा राहिलोय.
पाणी बदललं. ह्यांना सांगितलं, कांड्या भिजून कुजतील म्हणून काढल्या. त्यांनी पुसून फळीवर ठेवल्या, देवाच्या शेजारी.

२६ फेब्रु.
सांगायचं कसं? उभ्या आयुष्यात जपलेली एक गोष्ट, ती पोरांना दिली, आणि तिनेच मारलं. हे ऐकून माणूस कठड्याकडे नाही जाणार तर कुठे जाईल? नाही सांगणार. पाण्यात क्लोरीन जास्त होतं असं म्हणून टाकलं. म्युनिसिपालिटीला शिव्या दिल्या. तेवढीच सोय.

१ मार्च
क्लोरीनचं पटलेलं नाही. पाणी तर तेच, पिंपात दोन दिवस ठेवलेलं. दिवसभर टाकीसमोर बसून होते. आज ठरवलं त्यांनी. "बापाचा लक्ष नाय. बाप नालायक." काचेवर टिचकी मारली जोरात. दाढीवाला दचकून मागे गेला.
मी पोळ्या लाटत होते. लाटतच राहिले.

३ मार्च
सतीश आला. पिल्लं बघायला. मी जिन्यातच सांगितलं, नाहीत, तू विषय काढू नकोस. ह्यांनीच काढला. नराने सोडली पोरं, म्हणाले, असला बाप काय कामाचा.
सतीश चहा पीत होता. कप खाली न ठेवता म्हणाला, "चला, उशिरा का होईना, तुम्हालाही कळलं."
हे उठले आणि भिंतीकडे तोंड करून आडवे झाले. सतीशचंही तोंड उतरलं, बापाला एवढं लागेल असं त्याला वाटलं नसेल. मी तेव्हा बोलायला हवं होतं. त्या माशाने दहा दिवस तोंडात काही घातलं नाही, त्याचा काय दोष, एवढं जरी बोलले असते. सतीश गाडी चुकेल म्हणून निघाला. मी जिन्यापर्यंतही गेले नाही.

५ मार्च
दाढीवाला गेला. ह्यांनी हिराजींना बोलावून घेतलं आणि म्हणाले, ह्याला ने, मला नजरेसमोर नको. हिराजींनी पिशवीत पाणी भरलं, मासा घेतला, माझ्याकडे एकदाच बघितलं. दारात चपला घालताना हळूच म्हणाले, सांगा वहिनी, अजून सांगा. मी मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, मलाच माहीत नाही.
एका मुक्या जिवावर आळ घेऊन त्याला घराबाहेर काढलं आम्ही. ह्यांनी न कळून, मी कळून.

११ मार्च
पडून आहेत. दुधी मीच टाकते मादीला. आंघोळ तीन दिवस नाही. हात धरून उठवलं तर म्हणाले, कशाक.
मला पण कधी कधी वाटतं, कशाला. पण बालवाडीत साडेआठला पोहोचावंच लागतं, म्हणून वाटायला सवड नाही.

१४ मार्च
मी दुपारी घरी आले तर हे कठड्याशी. ह्या वेळी पोट टेकलेलं नव्हतं, दोन्ही हात टेकलेले. शेजारीण म्हणाली, वारा खातायत. हो, वारा खातायत.
उद्यापासून बाहेरून कडी लावून जाऊ का? नवऱ्याला कडी लावायची. काय वेळ आणलीस रे देवा. संडास बाहेर, कडी लावून चालणारही नाही.

२२ मार्च
लालबागच्या बाजारात हिराजींची सून भेटली, मांदेली विकायला बसते. मला बघून हसली. म्हणाली, काकी, तुमच्या माशाने आमच्याकडच्या मादीबरोबर पिल्लं काढली की! करवंटीत नाही, मडक्याच्या तुकड्यात. सगळी जगलीत, काळे ठिपके नुसते. मामंजी म्हणाले तुम्हाला सांग.
मांदेली न घेताच परत आले.

२३ मार्च
सांगितलं. फक्त एवढंच, की त्याला पिल्लं झाली आणि जगली. वाटलं, निदान त्या माशावरचा आळ तरी जाईल.
हे उठून बसले. म्हणाले, "म्हणजे तेचो काय दोष नव्हतो."
मी म्हटलं, नव्हता.
पुढचं विचारतील म्हणून जीव मुठीत धरून उभी होते. नाही विचारलं. आंघोळीला पाणी मागितलं.

२४ मार्च
दिवसभर विचार करतायत, दिसतं. जेवताना म्हणाले, मी त्याला नालायक म्हटलं. माशाला काय कळतंय, म्हटलं मी. ते म्हणाले, मला कळतं ना. मग थोड्या वेळाने, सतीशला पण मी कधी नीट सांगितलं नाही संपाचं. एवढंच बोलून हात धुतला. मी सतीशला पत्र टाकलंय, ये म्हणून. काय ते समोरासमोर होऊ दे.

२६ मार्च
रामाच्या प्रहरी उठले, दाढीचं सामान शोधू लागले, ब्लेड गंजलेलं, म्हणून खाली न्हाव्याकडे गेलेत. स्वतःहून खाली. गणपतीनंतर पहिल्यांदा. शीव कोळीवाड्याला जायचंय, त्या माशाला बघायला. मी येते म्हटलं तर "चल" म्हणाले. मलाही आश्चर्य वाटलं, त्यांनाही वाटलं असावं.
साडी बदलून बसलेय. खाटेवर पिशवी तयार आहे. त्यात वर्तमानपत्रात नीट गुंडाळलेल्या दोन कांड्या. दोरा बांधलाय वरून. म्हणाले, "आपली गेली, ती गेली. हिराजीच्या पिल्लांका लाकूड लागता. घरात ठेवून काय करूचा?" जी वस्तू पोटच्या पोराला हातात धरू दिली नाही ती द्यायला निघालेत, आणि चेहरा कसा, पोरीच्या सासरी पहिल्यांदा निघालेल्या बापासारखा.
हिराजी घेणार नाहीत. हे विचारतील, का रे. आणि हिराजी खोटं बोलणार नाहीत.
पुडी काढून लपवली तर शोधत बसतील. राहू दिली तर तिथे, त्यांच्या सुनेसमोर, नातवंडांसमोर ऐकतील. मी सांगितलं तर इथे, ह्या खोलीत, तीन पावलांवर कठडा. बसमध्ये सांगू? बसमध्ये माणूस ओरडू शकत नाही, उठून जाऊ शकत नाही. माझी अक्कल बघा, जागा शोधतेय.
महिनाभर मी मनाशी म्हणत होते, त्यांना वाचवतेय. त्यांना नव्हे. ऐकल्यावरचा त्यांचा चेहरा मला बघायचा नव्हता, तेवढंच.
जिन्यात पावलं वाजतायत. ह्यांना दम लागतोय, मधल्या मजल्यावर थांबलेत.