पोटात अंडी असलेला मासा

प्रिय दादा,

परवा तू बादलीत बोटभर मासे घेऊन आलास आणि विचारलंस, "छोटे, हे कुठले गं?" मी म्हणाले, "नदीतलेच असतील." ते खोटं होतं.

आमच्या कंपनीने जनुकं बदललेले, झपाट्याने वाढणारे मासे नदीकाठच्या तळ्यांत सोडले, तेव्हा मी तुला छातीठोकपणे सांगितलं होतं, "त्यांना पिल्लं होतच नाहीत." माझ्या शब्दावर तू बाकीच्या मासेमारांची समजूत काढलीस.

पुढच्याच वर्षी प्रयोगशाळेत मी त्यातला एक मासा चिरला. पोट अंड्यांनी गच्च भरलेलं होतं. साहेब म्हणाले, "शंभरात एखादा असा निघतो. अहवालात नको." मी लिहिलं नाही. मग पुरात तळ्याचा बांध फुटला आणि सगळे मासे नदीत गेले.

तुझ्या बादलीतल्या प्रत्येक पिल्लाच्या कल्ल्यामागे आमच्याच माशांचा राखाडी पट्टा होता. नदीतले जुने मासे आता जाळ्यात येत नाहीत, हे वहिनीने मला केव्हाच सांगितलंय.

आज सकाळी तुझा फोन आला. "सभेत लोक कंपनीच्या नावाने ओरडत होते. मी ठणकावून सांगितलं, माझी बहीण तिथे आहे, ती खोटं बोलायची नाही."

"बरं केलंस," मी म्हणाले.

हे पत्र पाठवलं तर तुला त्याच लोकांसमोर मान खाली घालावी लागेल. न पाठवायला मला एवढं कारण पुरतं, दादा. इतकी मी भित्री झालेय.

तुझ्या विश्वासाला न जागलेली,
छोटी