फुली मारलेली काच

४ ऑक्टोबर २०२३, सेंट पीटर्सबर्ग
रेडिओवर बातमी. रसायनशास्त्राचं नोबेल क्वांटम डॉट्सना. म्हणजे इतके बारीक स्फटिक की त्यांचा रंग आकारावर ठरतो. ते पहिल्यांदा दिसले आमच्याच शहरात, रंगीत काचेत, एक्क्याऐंशीच्या सुमारास. मी तेव्हा काच कारखान्यात तपासनीस. तसलीच काच रोज माझ्या हाताखालून जायची. इतक्या वर्षांत मला कुणी विचारलं? शिसारी आली. ठरवलं, कुणाशी एक शब्द बोलायचा नाही. चहाला उकळी यायच्या आत रिम्माला फोन केला. रिम्मा माझ्याच टेबलावरची तपासनीस, निम्मा वेळ सूर्यफुलाच्या बिया सोलणारी. म्हणाली, मग बक्षीस द्यायला स्वीडनचा राजा बोलावणार का तुला, अंगात घालायला काही धड आहे का?

६ ऑक्टोबर
वाचनालयात गेले. काचकपाटात एक फळी रिकामी आहे. तिथे कारखान्यातली माझी नारिंगी काच ठेवायची, माझ्या नावासह. कोपऱ्यात मी हिऱ्याने कोरलेली फुलीसुद्धा आहे, पुरावा म्हणून. व्यवस्थापक सावा कार्पोविच म्हणाले, आधी भाषण द्या, लोकांना पटलं तर फळी तुमची. मग विचारलं, कोबीचं सारण भरून भाजलेला पिरोग कोण आणणार? या देशात कोबीशिवाय विज्ञानाला श्रोता मिळत नाही. किळस.

१० ऑक्टोबर
भाषण तयार. हे स्फटिक आमच्याकडे काचेत दिसले, अमेरिकेत द्रावणात, आणि त्र्याण्णवला सगळे एका मापाचे करायची युक्ती सापडली. आज ते टीव्हीच्या पडद्यांत, दिव्यांत. गाठ कुठे आहे तेही सर्जनला दाखवतात म्हणे. रंगाचं कोडं मी असं सोडवलं: सामायिक घरात खोली जितकी लहान तितका भाडेकरू तापट. इलेक्ट्रॉनचंही तेच. लहान स्फटिक निळा, मोठा लाल. रिम्मा म्हणाली, तुझी खोली सगळ्यात लहान होती, नाही का गं? माझी आजी ननांच्या शाळेतली. मूर्खाला उत्तर देऊ नये, हे तिने मला शिकवलं. दिलं.

१४ ऑक्टोबर, भाषणाहून परत
सुरुवात उत्तम. दोन तुकडे उजेडात धरले. भट्टीच्या एकाच घाण्यातले. एक कमी भाजला, तो पिवळा. दुसरा जास्त भाजला, स्फटिक वाढले, तो नारिंगी. पुढच्या रांगेतले वाकून बघायला लागले. मग मागून कुणीतरी विचारलं, ती फुली कसली? मी म्हटलं, तपासनिसाची खूण. रिम्मा तोंडात पिरोग घेऊन म्हणाली, नीट सांग ना, फुली म्हणजे नापास. एका घाण्यात दोन रंग निघाले की ही बया पेटायची. भट्टीवाल्यांना म्हणायची, दारुड्यांनो, सगळं कचऱ्यात टाका.
लोक हसले. सावा कार्पोविचांच्या टायवर कोबी सांडला.
मी ठणकावलं की नियमात एकच रंग लिहिला होता. निसर्गाने नियम वाचला नाही, हा माझा दोष नव्हे. शिवाय ही काच मी घरी आणून जपली. कोबी खारवताना वर दाब म्हणून ठेवायला. याला दूरदृष्टी म्हणतात.
रागात काच तिथेच राहिली.

१५ ऑक्टोबर
निश्चय: वाचनालयाचा उंबरा ओलांडायचा नाही. रिम्माला दारात उभं करायचं नाही. दुपारी ती उरलेला पिरोग घेऊन आली. पिरोग वाया घालवणं पाप.

२० ऑक्टोबर
सावा कार्पोविचांचा फोन. काच फळीवर लागली, लोक मुद्दाम बघायला येतात. खाली पाटी: 'क्वांटम डॉट्सची काच. नापास केली: कलेरिया अर्काद्येव्हना झिमिना.' ताबडतोब काढायला लावण्यासाठी गेले. अक्षर घाणेरडं. पण नाव पूर्ण आहे, वडिलांच्या नावासकट. काचेवर धूळ होती, ती पुसली.
शाळेतल्या दोन मुली वाचत होत्या. त्यांचं होईपर्यंत बाजूला थांबले. एकीने विचारलं, या बाई अजून आहेत का?
मी सांगितलं, आहेत. पण फार कामात असतात.