पुसलेला पेनड्राइव्ह

अप्पा, तुमचा कॉम्प्युटर मी उघडला, त्याला तीन आठवडे झाले. पासवर्ड मला ठाऊक नव्हता. तो तुम्ही माझ्या धाकट्या भावाला सांगून ठेवला होता आणि तो खुशाल विसरून गेला. पण पेनड्राइव्हवर चालती सिस्टिम टाकून तो मशीनला लावला की मशीन त्याच्यावरच सुरू होतं, पासवर्ड विचारत नाही, आणि आतल्या डिस्कला धक्का न लावता तिच्यात काय आहे ते दाखवतं. हे तुम्हीच शिकवायचात. मला नाही, लोकांच्या पोरांना. राजवाड्यामागच्या गल्लीतल्या तुमच्या इन्स्टिट्यूटमध्ये, जिथे आधी टाइपरायटर खडखडायचे आणि मग कॉम्प्युटर आले, तुम्ही खुर्चीत रेलून म्हणायचात, अख्खं मशीन खिशात घालून फिरा. मी पडद्यामागे तुमच्यासाठी कॉफी गाळत असायची. ऐकून ऐकून शिकले. आता ओरत्तनाडूच्या शाळेत मी मुलांना हाच धडा शिकवते, आणि दर वर्षी तो धडा आला की प्रत्येक पेनड्राइव्हवरची चिठ्ठी मी दोनदा वाचून घेते.

का घेते ते तुम्हाला चांगलं माहीत आहे. अम्मा जाऊन दहा महिने झाले होते. तुम्ही कुंभकोणमला लग्नाला गेला होतात आणि दोन विद्यार्थी दारात उभे, उद्या प्रॅक्टिकल आहे, अक्का, तेवढा पेनड्राइव्ह करून द्या. मी बसले. खरं सांगू, मला आनंदच झाला होता. टेबलावर तीन पेनड्राइव्ह होते. त्यातल्या दोनांवर तमिळमध्ये विद्यार्थ्यांची नावं चिकटवलेली, ती मी वाचली आणि ते बाजूला ठेवले. तिसरा निळा, त्याच्यावर नागरीत काहीतरी लिहिलेलं. जन्मापासून घरात मराठी बोलणारी, पण तमिळ शाळेत शिकून फक्त तमिळ वाचणारी मी, ती अक्षरं मला हिंदी वाटली. वाटलं, उत्तरेकडच्या कुठल्या दुकानाचं नाव असेल, पेनड्राइव्ह रिकामा असेल. स्क्रीनवर आलं, ह्यातलं सगळं पुसलं जाईल, चालेल का? मी म्हटलं, चालेल. पाच मिनिटांत सिस्टिम तयार झाली, आणि मी ती लावून बघितली, तर पहिल्याच फटक्यात चालू. इतकी खूश होते मी, की तुम्ही जिना चढून आलात तेव्हा तुम्हाला दाखवायला उठून उभी राहिले.

तुम्ही निळा पेनड्राइव्ह हातात घेतलात आणि चिठ्ठीवरचं वाचलंत. अम्माचा आवाज. आजारपणात तुम्ही तिला स्वयंपाकघरात बसवून बोलतं केलं होतं, चाळीस मिनिटं. ते वर्षश्राद्धाला सगळ्यांनी मिळून ऐकायचं म्हणून तुम्ही कुणाला दिलं नव्हतं. धाकट्यानं थोडं ऐकलं होतं. मी एक अक्षरही नाही. तुम्ही ओरडला नाहीत. शांतपणे म्हणालात, आईला दोनदा जाळलंस. आणि तेही तमिळमध्ये म्हणालात, अप्पा. घरात आयुष्यात माझ्याशी तमिळ न बोललेले तुम्ही, तेवढं एक वाक्य तमिळमध्ये, म्हणजे त्या दोन पोरांनाही कळावं. मग मराठीत, "आजपासून मशीनला हात लावूं नोको." पुसलेलं परत येतं का, असं मी रडत विचारलं. तुम्ही म्हणालात, "येत नाही."

मी कितीदा विचारलं होतं तुम्हाला, मलाही नागरी शिकवा म्हणून. धाकट्याची मुंज झाली, त्याला संध्या वाचता यावी म्हणून तुम्ही रोज सकाळी त्याला पाटीवर अक्षरं काढून द्यायचात. तो जांभया द्यायचा आणि मी उंबऱ्यात बसून बघायची. तुम्ही म्हणालात, तुला कुठं मंत्र म्हणायचे आहेत. बरं, नव्हते म्हणायचे. पण चिठ्ठी वाचायची होती ना? चूक माझ्या हातची, मान्य. ती चूक कुणी घडवून ठेवली, हे मात्र तुमच्या कधी मनात आलं नाही. त्यानंतर मी धाकट्याची जुनी वही काढून एकटीच घोकत बसले आणि तीन महिन्यांत वाचायला लागले. आज हे सगळं ज्या अक्षरांत लिहिते आहे ती तुम्ही दिलेली नाहीत, हे एकदा तुम्हाला सांगायचं होतं.

वर्षश्राद्धाला आत्या म्हणाली, वहिनीचा आवाज ऐकवणार होतास ना रे? तुम्ही माझ्याकडे बघितलंत, बस. धाकटा पानावरून उठून गेला. त्यानंतर सहा वर्षं तुम्ही होतात आणि सहा वर्षं मी त्या घरात, लग्नानंतरही, आईला पुसणारी म्हणून वावरले. तुमचं पथ्य केलं, डोळ्यांत औषध घातलं, तुमच्यासाठी दह्यात डांगर कालवलं आणि ते अम्मासारखं झालं नाही हे ऐकून घेतलं. संध्याकाळी तुम्ही कानाला हेडफोन लावून डोळे मिटून बसायचात. काय ऐकताय, असं विचारलं की म्हणायचात, "गाणी."

आता तुमची खोली रिकामी करायची म्हणून धाकट्यानं चेन्नईहून फोन केला, ते डबडं भंगारात दे. मी म्हटलं, आधी बघते आत काय आहे ते. दुपारी शाळेतून येताना पेनड्राइव्ह तयार करून आणला, खिडकी उघडून धूळ झटकली, मशीन चालू झालं आणि तुमची डिस्क दिसली. एका फोल्डरमध्ये नुसत्या आकड्यांच्या नावांच्या फाइली. हे आकडे मी ओळखते, अप्पा, शाळेत पुसलेल्या फाइली परत काढायचं काम मीच करते. पेनड्राइव्हवर सिस्टिम टाकली की पुढची जागा भरते. मागच्या जागेतलं जुनं तसंच पडून राहतं, दुसरं काही त्याच्यावर लिहीपर्यंत. ते खरवडून परत काढता येतं, फक्त फाइलींची नावं जातात आणि आकडे येतात. तारीख बघितली. मी पुसल्यानंतरचा चौथा दिवस. चौथ्या दिवशी तुमच्या हातात अम्मा परत आली होती. शेवटची उघडल्याची तारीख तुम्ही जायच्या आदल्या आठवड्यातली.

मी ऐकलं. कढल्याचा आवाज येतो, फोडणी तडतडते, आणि अम्मा तुम्हाला दटावते, "मिरपूड आत्तां नोको, मागून घाला." तुम्ही हसता. तुम्ही असे हसायचात हे मी विसरले होते. मग ती खोकते, पाणी पिते आणि म्हणते, "लेकाला अक्षरं शिकवलांत, हिलाही शिकवा की. आपली भाषा हिच्याच तोंडांत राहिली आहे. तो तर तमिळच बोलतो." आणि तुमचा आवाज येतो, "हिला कशाला? बघूं."

एवढ्यासाठी लपवलंत का? सगळ्यांसमोर लावलं असतं तर हे सगळ्यांनी ऐकलं असतं, मीही ऐकलं असतं. की तिला कुणाशी वाटून घ्यायचं नव्हतं तुम्हाला? की एकदा तसं बोलून बसल्यावर, सापडलं ग, एवढे दोन शब्द तुमच्या तोंडून निघेनात? तीन आठवडे मी हेच घोळवते आहे. शेवटचं कारण खरं असलं तर मला तुमची कीव येते, आणि कीव आली की राग अजूनच येतो. सहा वर्षांत एखाद्या संध्याकाळी एक हेडफोन काढून माझ्या कानाला लावला असतात तर तुमचं काय गेलं असतं?

हे पत्र धाडायचं कुठं? वहीतच राहील. एक गोष्ट मात्र लिहून ठेवते, कारण दुसऱ्या कुणाला सांगवत नाही. मी मशीन उघडलं त्याच संध्याकाळी धाकट्यानं विचारलं, आत काही होतं का? मी म्हटलं, जुन्या विद्यार्थ्यांचे सराव, दुसरं काही नाही. तो म्हणाला, अम्माचा आवाज आता आठवतच नाही ग. तेव्हाही मी खरं सांगितलं नाही. त्यानंतर तीन रविवार त्याचे फोन येऊन गेले. रोज शाळेतून आले की मी हेडफोन लावून बसते. काल ह्यांनी चहा पुढ्यात ठेवत विचारलं, रोज काय ऐकतेस एवढं?

मी डोळे न उघडताच म्हटलं, गाणी.