रविवारपर्यंत झाडाचं नाव

३ मार्च
घराचा ताबा मिळाला. सामान लावून कंबर गेली. मागच्या अंगणात भलंमोठं झाड आहे. त्याच्यासाठीच मी हट्टाने हे घर घ्यायला लावलं. बायको शिक्षिका. आधी चालत शाळेत जायची, आता बस बदलून. तिने विचारलं, झाड कसलं आहे? म्हटलं, सांगतो, आधी चहा होऊ दे. चहा झाला. विषय निघू दिला नाही.
संकल्प: रविवारपर्यंत नाव शोधणे.

८ मार्च, रविवार
दिवसभर झोपलो. झाड कुठे पळून जात नाही.

१२ मार्च
फोनवर झाडं ओळखणारं अ‍ॅप घेतलं. ते म्हणे, आणखी जवळ जा. गेलो. फोटोत माझा अंगठा आला. अ‍ॅपने त्याला बुरशी ठरवलं. अ‍ॅप काढून टाकलं. ही कामं पुस्तकातूनच करावीत.

१५ मार्च, दुपारी
जाडजूड पुस्तक आणलं. आपलं पान सुपाएवढं, चकचकीत, कडेला चिरलेलं. झाडांच्या अख्ख्या पुस्तकात असं पान नाही. म्हणजे झाड दुर्मिळ! हिला सांगितलं. ती वह्या तपासत होती. वर न बघता म्हणाली, शेंड्याला एकही पान नाही. म्हटलं, वय झालं की शेंड्याचं आधी जातं. तिने माझ्या डोक्याकडे पाहिलं. वाद मिटला.

२ एप्रिल
ऑफिसात दुर्मिळ झाडाचं सांगून बसलो. साहेबांनी नाव विचारलं. तोंडाला आलं ते बोललो: रानकदंब. साहेब म्हणाले, अरे वा. घरीही तेच चालवलं. हिने एकदा म्हणून पाहिलं. छान आहे म्हणाली. खूप दिवसांनी काहीतरी छान म्हणाली.
खरं नाव सवडीने शोधणे. सध्या फार दमायला होतं.

१९ एप्रिल
बुंध्याची साल सुटून पडतेय. झाड कात टाकतंय, असं हिला समजावलं. शेजारचे निवृत्त पोस्टमास्तर कुंपणावरून म्हणाले, जाणकाराला दाखवून घ्या. म्हणजे काय, मी आहे ना! वारा सुटला की मागच्या खोलीत वरून करकर ऐकू येते. त्यामुळे ही हल्ली पुढच्या खोलीत झोपते. मीही तिथेच झोपतो. तिला सोबत म्हणून.

७ मे
दुपारी फांदी पडली. ही नुकतीच वाळलेले कपडे काढून आत वळली होती. दोरी, खांब, राहिलेले शर्ट, सगळं फांदीखाली. मी धावलो तर ती पायरीवर बसलेली, मुठीत माझा एक मोजा. पाणी आणायचं सुचायलाच मला वेळ लागला.
मग उठून तिने फांदीवरचं एक पान ओढलं. पानामागून वेल आली. हातभर, मग वावभर. येतच राहिली. म्हणाली, "हा मनीप्लांट आहे. झाडाला स्वतःचं एक पान नाही. ते कधीच मेलंय."
म्हटलं, मला संशय होताच.
तिने मोजा माझ्या हातात दिला आणि आत गेली. ओरडली असती तर बरं झालं असतं.

१६ मे
झाड पाडलं. कापणाऱ्यांना विचारलं, कसलं होतं? आत नुसता भुसा. एक म्हणाला चिंच, दुसरा म्हणाला शिरीष. दोघंही जेवायला निघून गेले. मी भुशाचा वास घेऊन पाहिला. शिंका आल्या.

१७ मे, रविवार
स्वयंपाकघरात पहिल्यांदाच ऊन आलं. फरशी किती मळली आहे ते दिसलं.
पोस्टमास्तर कुंपणाशी आले. म्हणाले, होतं तरी कसलं झाड? मी घसा साफ केला. पुस्तकातली निदान चार नावं तयार होती.
त्याआधीच ही म्हणाली, "मोठं होतं."
पोस्टमास्तरांना तेवढं पुरलं. ते गेले. मी ओंडके एका बाजूला लावायला घेतले. दुसरा उचलतानाच पाठीत चमक भरली.